तिथे सर्टिफिकेट मिळत नाही

गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "आजी, तू थेरपिस्टकडे जातेस ना? पहिल्या दिवशी काय करतात?" मागे तुझा भाऊ टोस्ट खात होता. त्याने चावणं थांबवलं, म्हणजे उत्तर त्यालाही हवं होतं. तेवढ्यात तुमच्या आईने फोन हातात घेतला आणि "आजीला दमवू नका" म्हणाली. मी दमले नव्हते. म्हणून दोघांसाठी लिहून काढते आहे. एखादा शब्द अडला तर आईला विचारू नका, मला विचारा.

आधी मी तिथे का गेले ते सांगते. आजोबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी, इथे सिल्वासात, आमली भागातल्या एका किराणा दुकानात तूरडाळ तोलून घेत असताना मी मरायला लागले. निदान मला तसं स्पष्ट वाटलं. छाती आवळली, हातांना मुंग्या आल्या, दुकानातले दिवे लांब गेले. दुकानदार "टीचर, शुं थयुं?" असं गुजरातीत काय झालं ते विचारत स्टूल घेऊन आला. त्याने रिक्षा बोलावून मला दवाखान्यात पाठवलं आणि डाळ घरी. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. हृदय उत्तम होतं. मग हेच पोस्टात झालं, त्यानंतर वापीच्या बसमध्ये. हृदय दर वेळी उत्तमच. शेवटी डॉक्टर म्हणाले, "हे पॅनिक अटॅक आहेत. हृदयाकडे बघणं आता पुरे. समुपदेशकाकडे जा."

मी गेले नाही. मी बाहेर जाणंच बंद केलं, ते मला जास्त सोयीचं वाटलं. किराणा फोनवर मागवता येतो. भाजी वरच्या मजल्यावरची आपली भाडेकरीण आणायची. ती धुळ्याकडची, तिचा नवरा सुताच्या कारखान्यात आहे. बँकेचं काम पडून राहिलं, केस वाढले, चष्म्याचा नंबर बदलायचा तो बदलला नाही. यात काही चुकतंय असं मला वाटत नव्हतं. मग उन्हाळ्यात तुमची आई आली आणि तिला ते एका दिवसात दिसलं.

"आई, तू शेवटची बाहेर कधी गेलीस?"

"कालच गेले होते."

"कुठे?"

"गेटपर्यंत."

तिने त्याच आठवड्यात निर्णय दिला. दिवाळीपर्यंत बघायचं. मी पूर्वीसारखी हिंडूफिरू लागले तर ठीक, नाहीतर घर विकायला काढायचं आणि मी तुमच्याकडे कॅनडात राहायला यायचं. मला तुझी खोली मिळणार होती. तुला कोणी विचारलं नव्हतं हे मला नंतर कळलं, नाहीतर तेव्हाच आपण दोघी मिळून विरोध केला असता.

तुम्हा सगळ्यांवर माझं प्रेम आहे. पण मला हे घर सोडायचं नव्हतं. लग्नानंतर रत्नागिरीहून शिक्षिकेच्या नोकरीसाठी सिल्वासाला आले ती इथलीच झाले. इथे रस्त्यातला निम्मा गाव मला टीचर म्हणतो. इथे मी रात्री भात न खाता नुसतं ताक पिऊन झोपले तरी कोणाला कळत नाही. या वयात याची किंमत मोठी असते.

आता माझी चूक. सरकारी नोकरीत आजारपणाची रजा घेतली की पुन्हा हजर होताना फिटनेस सर्टिफिकेट लागतं. सिव्हिल हॉस्पिटलचे डॉक्टर छातीला नळी लावतात, जीभ बघतात आणि लिहून देतात की या बाई कामावर रुजू होण्यास योग्य आहेत. त्यावर शिक्का असला की मुख्याध्यापकसुद्धा काही बोलू शकत नाहीत. मी आयुष्यभर असंच केलं. त्यामुळे मला वाटलं, समुपदेशकाकडे जावं, एकटी राहण्यास योग्य असं लिहून घ्यावं आणि तुमच्या आईला फोटो पाठवावा. एका भेटीचं काम. मी इस्त्रीची साडी नेसले, सगळे कार्डिओग्राम तारखेनुसार लावून घेतले आणि भाडेकरणीला रिक्षातून सोबत नेलं.

दवाखाना एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली दातांचा दवाखाना, मध्ये कोचिंग क्लास. समुपदेशक बाई तुमच्या आईपेक्षा लहान, वलसाडकडची, मराठी छान बोलते. मी आधी तिचं शिक्षण विचारलं. तिने पदवी, कुठे शिकली, किती वर्षं काम करते ते सांगितलं आणि नोंदणी भिंतीवर दाखवली. तुम्हीही हे विचाराच. विचारल्यावर जी रागावेल तिच्याकडे जाऊ नका. गोळ्या ती देत नाही, तो वेगळा डॉक्टर. तिने तेही स्वतःहून सांगितलं.

मग मी कामाचं बोलले. "मला एक सर्टिफिकेट हवंय."

"कसलं?"

"मी एकटी राहायला फिट आहे असं."

"कोणाला द्यायचं आहे?"

"मुलीला."

ती थोडं पाणी प्यायली. "असं सर्टिफिकेट माझ्याकडे नसतं."

"मग तुमच्याकडे काय असतं?"

"आज पन्नास मिनिटं आहेत. त्यातली दहा झाली."

उरलेल्या वेळात मी माझा त्रास इंग्रजीत सांगितला. आय एक्स्पीरियन्स पॅल्पिटेशन्स, अशी वाक्यं. व्याकरणाची एकही चूक नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हेच घरी कोणाला सांगायचं झालं तर कसं सांगाल?" मी म्हटलं, घरी कोणी नाही. ती काही बोलली नाही. ही त्यांची पद्धत आहे, त्या गप्प बसतात आणि समोरच्याला ते सहन होत नाही. वर्गात मी हेच करायची, त्यामुळे मला फसवलं जातंय हे कळत होतं, तरी मी बोलले. "मला भीती वाटते," म्हटलं. "रस्त्यात पडले तर कोणीतरी अनोळखी माणूस साडी सारखी करेल, त्याची भीती वाटते." हे मला स्वतःला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. तेव्हा आपण कुठल्या भाषेत बोलणार आहोत याचा आधी विचार करा. ज्या भाषेत तुम्हाला कोणी शाबासकी देतं ती नको.

दुसऱ्या खेपेला मी चिवड्याचा डबा नेला. तिने नम्रपणे परत दिला. घेता येत नाही म्हणाली. मला वाटलं शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, म्हणून तिसऱ्या खेपेला रव्याचे लाडू नेले. तेही परत आले. भाडेकरणीच्या मुलांची चैन झाली.

भाडेकरणीला मी कुठे जाते ते सांगितलं नव्हतं. ती खाली रिक्षात थांबायची. दातांच्या दवाखान्याची पाटी मोठी आहे, त्यामुळे तिने तिचं ठरवून टाकलं. एक दिवस गॅलरीतून ओरडून विचारलं, "आजी, अजून बसले नाही का वो दात?"

"नाही अजून."

"डॉक्टर बदला मग. माझ्या सासूचे दोन खेपेत बसले. तिचे तर पुरे बत्तीस होते."

पुढचा भाग तुझ्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण तूही छोट्या गावात शिकतेस. एका संध्याकाळी भाडेकरणीसोबत आमलीच्या बाजारात थोडं चालायचं असं ठरलं होतं. मेथीच्या गाडीशी समोरून समुपदेशक बाई आली. मी थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर भेंड्यांकडे नेली. भेंड्या घेऊन निघून गेली. मला गावात चहावाला नमस्कार करतो, पोलीस करतो. आणि हिला मी माझी साडीची भीती सांगितलेली.

पुढच्या भेटीत मी बसायच्या आधी बोलायला सुरुवात केली. मी म्हटलं, "बाजारात ओळख न दाखवणं हे कुठल्या पदवीत शिकवतात?"

"पहिल्याच वर्षाला," ती म्हणाली. "तुमच्या सोबत कोणी होतं. मी बोलले असते तर घरी जाताना त्यांनी विचारलं असतं, या कोण? मग तुम्हाला खोटं बोलावं लागलं असतं. तुम्ही आधी हाक मारली तर मी नक्की बोलेन."

"हे आधी सांगायचं."

"पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही कार्डिओग्राम लावत होतात." मग तिने विचारलं, "राग आला तो कुठे जाणवला?"

"कुठे म्हणजे? बाजारात."

"शरीरात."

ते मला सांगता आलं नाही. पण माझ्या लक्षात आलं की मी भर बाजारात उभी होते, मला जोरात राग आला होता, छाती धडधडत होती, आणि मी मेले नव्हते. तिच्याही लक्षात ते आलं होतं. तिने ते माझ्याकडून वदवून घेतलं.

तिथून खरं काम सुरू झालं. ते कंटाळवाणं आहे, हेही आधी माहीत असू द्या. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं. धडधड झाली तर पळून यायचं नाही, थांबायचं आणि ती आपोआप उतरते का ते बघायचं. मग थोडं पुढे. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, चक्कर आली तर हुंगायला कांदा, नाव-पत्त्याचं कार्ड आणि आजोबांच्या हृदयविकाराच्या, जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी असायची. त्या गोळ्यांची मुदत संपलेली होती आणि माझं हृदय उत्तम होतं. ती म्हणाली, एकेक वस्तू घरी ठेवून निघा. कांदा लगेच सुटला. कार्ड सुटलं. पट्टी सुटेना. त्याबद्दल आम्ही बऱ्याच भेटी बोललो, आणि त्यातल्या दोन भेटींनंतर मी आधीपेक्षा वाईट अवस्थेत घरी आले. तिला सांगितलं तर म्हणाली, असं होतं, सांगितलंत ते बरं केलंत. मला वाटलं होतं ती घाबरेल.

मी समुपदेशकाकडे जाते हे तुमच्या आईला सांगितलं होतं; दरम्यान तिने नंबर शोधून कॅनडातून त्या बाईला फोन केला. नंतर मला केला. भयंकर संतापली होती.

"आई, ती बाई म्हणते, अशा कोणी माझ्याकडे येतात की नाही हेसुद्धा मी सांगू शकत नाही!"

"बरोबर आहे."

"मी तुझी मुलगी आहे!"

"ते तिलाही माहीत असेल. पण ती सांगणार नाही."

"मग तू सांग. अटॅक येतो का अजून?"

"नाही," मी म्हटलं. येत होता.

पुढच्या भेटीत मी हा विजय, माझ्या खोट्या 'नाही'सकट, समुपदेशक बाईला ऐकवला. ती हसली नाही. म्हणाली, जिवाला धोका असेल तरच मी कोणाला कळवीन, बाकी काहीही नाही, हा माझा नियम. "तुम्ही मुलीला काय सांगायचं, तो नियम माझा नाही. तो तुम्ही करायचा."

मला तिने खोटं बोलू नका म्हणायला हवं होतं. मग मी तिच्याशी वाद घातला असता. ती तसं म्हणत नाही, हा या लोकांचा मोठा दोष आहे.

नोव्हेंबर आला. दिवाळी होऊन गेली होती आणि तुमच्या आईने एका एजंटशी बोलणं सुरू केलं होतं. नोव्हेंबरात आम्हा पेन्शनरांना बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असा दाखला द्यावा लागतो. मी एकटी गेले. भाडेकरणीला घरी ठेवलं, पट्टीलाही घरी ठेवलं. रांगेत निम्म्यावर पोचले आणि सुरू झालं. छाती, मुंग्या, सगळं. हयातीचा दाखला द्यायला उभं असताना आपण मरतो आहोत याची पूर्ण खात्री होणं हा विचित्र प्रकार आहे. वॉचमन म्हणाला, "मॅडम, बैठ जाइए." मी म्हटलं, नंबर जाईल. मी उभी राहिले. समोरच्या गृहस्थांच्या शर्टावरच्या रेघा वाचत राहिले. ते वाढलं, खूप वाढलं, आणि मग कमी झालं. माझा नंबर आला. घामामुळे यंत्र अंगठा घेईना. क्लार्क म्हणाली, "आंटी, जरा पोछ लीजिए." पदराला पुसला. यंत्राने मला जिवंत ठरवलं.

त्या रात्री तुमच्या आईचा नेहमीचा फोन आला. "झालं का परत कधी?"

"झालं. आज. बँकेत."

मी पुढे बोलले, म्हटलं, मधेही होत होतं, तुला सांगितलं नव्हतं. आज मी थांबले आणि ते गेलं. मग दाखला दिला, येताना चष्म्याचा नंबर काढला आणि कोथिंबीर आणली.

"एकटी?"

"एकटी."

"आणि भीती?"

"वाटली की. उद्याही वाटेल कदाचित. मी जाईन."

ती रडायला लागली. मला वाटलं आता एजंटचं पक्कं झालं. पण ती म्हणाली, "तू नाही म्हणायचीस ना, तेव्हाच मला जास्त भीती वाटायची. मला वाटायचं, ही घरात पडून राहील आणि फोनवर छान आहे म्हणेल." मग नाक पुसून म्हणाली, "घराचं राहू दे सध्या."

"सध्या" हा शब्द मी मान्य केला. तेवढा तिचा हक्क आहे. त्यानंतर तिने एजंटचं नाव काढलेलं नाही, आणि मी प्रत्येक अटॅक तिला सांगते. गेल्या महिन्यात एक झाला, गॅसची शेगडी बदलायला गेले होते तिथे. मी अजून महिन्यातून एकदा त्या तिसऱ्या मजल्यावर जाते. भाडेकरणीला आता खरं सांगितलंय. ती म्हणाली, "मग नवरा घेऊन येऊ का मी बी? तो बोलतच नाही." मी तिला भेटीची वेळ कशी घ्यायची ते सांगितलं.

तू जाशील तेव्हा आम्हाला काय सांगायचं, किती सांगायचं, ते तू ठरव. मी विचारणार नाही. तुझी आई विचारेल. विचारू नकोस म्हणून मी तिला बजावलं आहे, तरी विचारेल.