गाडीतून खाली उतरायचं नाही

आमच्या घरातले पाचही जण एकाच दिवशी बाहेर पडल्याचं मला एकदाच आठवतं, आणि त्या दिवसाचा विचका मीच केला.

ज्यांच्या घरी फुलांची शेती असते त्यांना वेगळं सांगायला नको. झेंडू काय, शेवंती काय, कोणाच्या लग्नासाठी थांबत नाही. पहाटे तोडा करायचा, टोपल्या भरायच्या, त्या अमरावतीच्या बाजारात पोचवायच्या. त्यामुळे मामाच्या लग्नाला आई आली तर बाबा घरी, आत्याकडे बाबा गेले तर आई घरी. लग्नातल्या फोटोंमध्ये आमचं घर कधीच पूर्ण नाही. एक जण कायम मागे राहिलेला. मी सातवीत होते आणि मला या प्रकाराचा मनापासून राग येत होता. इतरांची घरं कशी सगळीच्या सगळी रिक्षात कोंबून जत्रेला जातात, तसं आम्हाला का जमत नाही, असं मी आईला विचारायचे. ती म्हणायची, "फुलाईले सांग."

त्या दिवाळीत फुलांनीच सुट्टी दिली. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी बाजारात इतका झेंडू आला की अर्धा माल लोकांनी तिथेच रस्त्याच्या कडेला ओतला. एरवी ज्या झेंडूसाठी बायका भांडतात, तो बाजारातल्या गायीसुद्धा हुंगून पुढे जात होत्या. बाबा रिकाम्या टोपल्या घेऊन आले, पाय धुतले आणि म्हणाले, "आता चार दिवस तोडा नाई."

"मंग सफारीले जाऊ!" माझा धाकटा भाऊ म्हणाला. त्याच्या वर्गातला एक पोरगा मेळघाटात जाऊन वाघ पाहून आला होता, निदान तसं तो सांगत होता.

बाबा चक्क हो म्हणाले. त्या दिवसांत ते कशालाच हो किंवा नाही म्हणत नसत.

ती वर्षं आमच्याकडे चांगली नव्हती. कपाशीच्या गावांमधून रोज काही ना काही कानावर यायचं. आमच्या शेजारच्या वावरातले काका, ज्यांच्या टेम्पोतून आमची फुलं जायची, श्रावणात गेले. कसे गेले ते मोठी माणसं आमच्यासमोर बोलत नसत, पण शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानंतर पंधरा दिवसांनी आई दुपारी वावरात भाकरी घेऊन गेली, तर बाबा खोपडीच्या दारात एकटेच बसलेले, हातात फवारणीच्या औषधाची बाटली. मात्रा वाचत होतो, असं ते म्हणाले. अक्षर बारीक आहे म्हणून उजेडात बसलो. ते खरंही असेल. त्यांना जवळचं दिसेनासं तेव्हाच झालं होतं.

पण आईने त्याच संध्याकाळी औषधांच्या पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. धाकटी बहीण हात लावेल म्हणून, असं आम्हाला सांगितलं. आणि तिची झोप गेली. गेली म्हणजे तिनेच घालवली. बाबांनी कूस बदलली की ही उठून बसलेली. दिवसा ते वावरात गेले की काही ना काही निमित्त काढून ही मागे. हार ओवताना डुलकी लागायची, सुई बोटात जायची, ती पुन्हा ओवायला लागायची. तिची पाठ जमिनीला टेकलेली मी तेव्हापासून पाहिली नव्हती. हे सगळं नीट मला तिनेच सांगितलं, पण खूप पुढे, माझ्या बाळंतपणात, मला झोप येत नव्हती तेव्हा. सातवीत मला एवढंच कळत होतं की आई चिडकी झालीय आणि घरात कोणी हसत नाही.

तर आम्ही निघालो. पुऱ्या, आलूची सुकी भाजी, उरलेले शंकरपाळे. परतवाड्यापर्यंत एसटी, तिथून काळीपिवळी जीप. आईने सणाची साडी नेसली होती, पण किल्लीची गाठ याही पदराला होती. मी जीपमध्ये सगळ्यांकडे आळीपाळीने पाहत होते. पाच. पाचही जण आहेत. वाघ नाही दिसला तरी चालेल, असं मला खरोखर वाटत होतं.

सफारीच्या गेटवर अर्धी अमरावती आणि उरलेलं अकोला आधीच येऊन बसलं होतं. जत्राच ती. कोणाच्या गाडीत गाणी, कोणाचा तान्हा रडतोय, चिवड्याची पाकिटं सगळीकडे उडतायत. एका वानराने आमच्या शंकरपाळ्यांची पिशवी उचलली आणि झाडावर बसून आमच्याकडे बघत सावकाश खाल्ली. आम्ही सकाळपासून दुपारी दोनपर्यंत रांगेत होतो. शेवटी एक जिप्सी आली. तिच्यात एक नवराबायको आधीच बसलेले. जागा उरल्या चार.

"मांडीवर नाई चालत," गाइड म्हणाला. "लहान असो का मोठं, सीट म्हंजे सीट."

म्हणजे पुन्हा एक जण मागे. मला रडूच आलं.

बाबा लगेच म्हणाले, "मी थांबतो. तुमी जा."

"तुमी बसा गाडीत," आई म्हणाली.

"मले काय पाह्यचं हाये वाघात? तू जा पोराईसंग."

"बसा म्हनलं ना!"

आई इतक्या मोठ्याने ओरडली की रांगेतली माणसं वळून पाहायला लागली. बाबा पटकन चढले. मी म्हटलं, मग कोणीच जायला नको, घरी जाऊ. आईने माझ्या पाठीला हात लावून मला वर ढकललं. मग ती गाइडकडे गेली आणि अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "मधात कुठी उतरवत नाई ना कोनाले?"

"नाई बाई. एकदा आत गेलं का गाडीतून खाली उतराचं नाई. वाघ आला तरी नाई, अन् नाई आला तरी नाई."

"किती वेळ?"

"अडीच तास."

आईने मान हलवली. तिला आमच्यासाठी वाघाची भीती वाटतेय, असं मला वाटलं. भित्री कुठली, असंही मनात म्हटलं.

सफारीत काय पाहिलं म्हणाल तर धूळ. पुढे सात-आठ गाड्या, मागे तितक्याच. चितळांचा एक कळप दिसला, तो पाठमोरा. मोर दिसला, तो आमच्या वावरातही येतो. एका ठिकाणी गाइडने गाडी थांबवून मातीत वाघाच्या पंजाचा ठसा दाखवला, आणि त्याचा निम्मा भाग पुढच्या गाडीच्या चाकाखाली गेलेला होता. भाऊ हुंदके देऊन रडला. नवराबायको एकमेकांचे फोटो काढत राहिले. बाबा अख्ख्या वाटेत एकदाच बोलले. सागाच्या दाटीकडे बघत त्यांनी गाइडला विचारलं, "इथं कोनी फवारत नसन, नाई?"

गाइड हसला. "जंगलात कोन फवारते दादा?"

बाबाही जरासे हसले आणि त्यांनी धाकटीला स्वतःकडे ओढून घेतलं. मी मात्र आईच्या रिकाम्या जागेवर चिडून बसले होते. आत्ता ती असती तर, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. मी पुढे दोनदा त्या जंगलात गेले, सासरच्या माणसांबरोबर एकदा वाघही पाहिला, अगदी रस्त्यावर बसलेला. सगळे आनंदाने वेडे झाले. आम्ही गेटकडे परत कधी जातो याची मी वाट पाहत होते.

कारण गेटजवळच्या मोहाच्या झाडाखाली मी आईला झोपलेलं पाहिलं होतं. परत आलो तेव्हा एवढ्या गर्दीत, गाण्यांच्या गोंगाटात, चप्पल उशाला घेऊन ती आडवी झाली होती. तोंड किंचित उघडं, एक हात खाली मातीत पसरलेला. चेहऱ्यावर माशी बसत होती आणि तिला पत्ता नव्हता. मला ती क्षणभर ओळखूच आली नाही. इतकी तरुण माझी आई मी कधी पाहिली नव्हती. नवरा अडीच तास अशा गाडीत होता जिच्यातून कोणाला खाली उतरता येत नाही, तीन पोरं त्याला धरून होती, आणि लक्ष ठेवायला एक परका माणूस होता. तिने तेवढ्यात झोपून घेतलं.

बाबा झाडापासून चार पावलांवर थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पदराच्या गाठीकडे पाहिलं. त्यांना सगळं माहीत होतं, हे मला आज कळतं. त्यांनी भावाला दंडाला धरून थांबवलं आणि माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

मी ती खूण पाहिली. पाहिली नाही असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलंय, पण पाहिली. आणि तरी धावत गेले, तिचा खांदा हलवला आणि ओरडले, "आई, वाघ नाई दिसला! काईच नाई दिसलं!"

तिने डोळे उघडले. आधी माझ्या मागे पाहिलं. बाबा दिसले. मग हात पदराच्या गाठीवर गेला. मग कुठे तिने माझ्याकडे पाहिलं आणि झोपेतल्या आवाजात विचारलं, "अजून एक चक्कर नाई का मारत ते?"

"नाई," मी म्हटलं. "बंद झालं."

ती उठून बसली, केसांतला पाला काढला, डब्यातल्या पुऱ्या वाटल्या. बाबा तिच्या शेजारी मातीतच बसले. लोकांसमोर ते कधी असे तिला चिकटून बसत नसत. म्हणाले, "झोप तू. मी कुठी नाई जात."

"झाली झोप," आई म्हणाली.

बाबा आजही आहेत, चष्मा लावून बाटल्यांवरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचून दाखवतात. आई गेली. अकोल्याच्या माझ्या घरात दुपारी सगळं शांत झालं की मला ती हवीशी वाटते, बोलायला नाही, कशालाच नाही, फक्त पंख्याखाली आडवी पडलेली, तोंड किंचित उघडं. मी दार लोटून घेईन. कोणालाही आत येऊ देणार नाही.

परतीची जीप यायला त्या दिवशी अजून तासभर होता. आम्हाला कुठेही जायचं नव्हतं. तो तास आई जागी बसून होती.