सासूबाईंचा खलनायक

लग्न होऊन मी तासगावला आले तेव्हा सासूबाईंचं एका माणसाशी उघड वैर होतं, आणि तो माणूस हिंदी सिनेमात काम करायचा. जत्रेतल्या तंबूत त्यांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं, ते म्हाताऱ्या आईला घराबाहेर काढताना. तेव्हापासून त्याचं नाव निघालं तरी त्या बोटं मोडायच्या.

मला तो फार आवडायचा. आधी तो नुसता नायकाचा मार खायचा. मग मोठी कामं मिळत गेली आणि त्याच्या येण्याला नायकापेक्षा जास्त शिट्ट्या पडू लागल्या. घरात हे बोलायची सोय नव्हती.

एकदा द्राक्षं उतरायच्या दिवसांत शेजारच्या बागेत शूटिंग आलं. दुपारी मी विहिरीवर होते, तर तोच समोरून चालत आला आणि पाणी मागू लागला. मी कळशी तिथंच ठेवून अनवाणी घराकडं पळाले. "आत्याबाई, त्यो आलाय," एवढंच कसंबसं तोंडातून निघालं.

सासूबाई तांब्या घेऊन आल्या. त्याला पोटभर पाणी पिऊ दिलं आणि मग विचारलं, "आईला भाईर काढताना तुला काय वाटलं न्हाई व्हय रं?"

माझी मान खाली गेली. तो मात्र हसला नाही. आईचं काम करणाऱ्या बाईंच्या आपण आधी पाया पडलो होतो, असं त्यानं मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं. मग म्हणाला, "आई, आता एका सिनेमात मी चांगला माणूस झालोय. तो बघा, मग शिव्या द्या."

तो सिनेमा सांगलीला लागला तेव्हा सासूबाईंनीच एसटी धरायची घाई केली. सिनेमात तो खेड्यातला मास्तर होता. सासूबाईंचा विश्वास बसेना. तो आजारी पोरीला खांद्यावर घेऊन चिखलातून निघाला, तर त्यांनी माझा हात घट्ट धरला, आता हा तिला टाकणार म्हणून. मध्यंतरात सगळे डोळे पुसत होते आणि या म्हणाल्या, "अजून बदलंल. दम धर."

तो शेवटपर्यंत बदलला नाही. दिवे लागले तेव्हा सासूबाईंनी मोठा श्वास सोडला. "सुधारलं पोरगं," म्हणाल्या.

पुढं त्याला मोठं बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला. सासूबाई तो पेपर घेऊन गल्लीभर फिरल्या आणि आपण कसं त्याला चांगलं सुनावलं ते सांगत राहिल्या. मीही मागोमाग. आता त्याचं कौतुक मला मोठ्यानं करता येत होतं.

नंतर त्यानं पुन्हा खलनायकाचं काम केलं, पहिल्यापेक्षाही भारी. मी आणि आमचे मालक ते गुपचूप बघून आलो. घरी सांगितलं, देवाला गेलो होतो.