तळावरच्या बाईंचा शब्द

आमच्या बाई पोरांशी खोटं बोलत नसत. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? तर दिवसभर खोलीभर लेकरं सांभाळून बघा, म्हणजे कळेल.

नव्वदीच्या दशकात बारामतीकडच्या एका कारखान्याच्या तळावर, ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्यांमध्ये, आम्ही दोघी हंगामापुरती शाळा चालवायचो. बाई शेळगावच्या, मेंढरामागं वाढलेल्या. मी त्यांची मदतनीस. लेकरांचे आईबाप पहाटेच ऊस तोडायला फडात गेलेले असत. एखादं लेकरू आईसाठी रडायला लागलं की शेजारची म्हातारी म्हणे, "गप, आत्ता येती बघ." बाई लगेच आडव्या येत. "मावशी, उसाची गाडी भरल्याबिगार येती का ती? दिवस मावळल्यावर येती म्हणून सांगा. रडू दे, पण फशिवू नका." लेकरू आणखी भोकाड पसरे आणि बाई त्याला मांडीवर घेऊन बसत. मला त्यांच्या ह्या खरेपणाचा भारी राग यायचा.

पाहुणे फोटो काढायला आले तरी बाई आधी लेकरालाच विचारत. एकदा एका पोरीनं नको म्हणून मान हलवली आणि मोटारीतून आलेले साहेब कॅमेरा धरून ताटकळले. "तिची मर्जी न्हाय, सायेब," एवढं बोलून बाईंनी पाढे सुरू केले.

ती पोरगी संगीता. तेरा वर्षांची. वाचायला बसली की तिला जेवणाची शुद्ध नसे. हंगाम सरत आला तसा तिनं एक दिवस बाईंचा पदर धरला. "बाई, गावी गेल्यावर माझं लगीन हाय. मला ठिवून घ्या."

मला वाटलं, आता तरी बाई 'हो बाळा' म्हणतील. त्या म्हणाल्या, "तुला ठिवून घ्यायचा हक्क मला न्हाय, संगे. तुझ्या बापाशी बोलते, ठाण्यातबी जाते. पण लगीन थांबंलच, असा शब्द देत न्हाय."

बोलल्याप्रमाणे त्या सगळीकडे गेल्या. बाप हात जोडून म्हणाला, "नवराबायकोची जोडी म्हंजी एक कोयता, बाई. मुकादम कामावर जोडीच घेतो. आन् वयात आलेली पोर कोपीत एकटी टाकून फडात कसं जाऊ, तुमीच सांगा." बाई उठून ठाण्याकडे निघाल्या. जमादार म्हणाले, लग्न ज्या गावी, तिथल्या ठाण्यात जा. बाई एसटी बदलत तिथंही पोचल्या. अक्षता आदल्या दिवशीच पडल्या होत्या.

पुढच्या हंगामाला संगीता नवऱ्याबरोबर तळावर आली. आम्ही दोघी तिच्या कोपीवर गेलो. "सवड मिळंल तवा वाचायला यीत जा," बाई म्हणाल्या.

संगीता चूल फुंकत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. "बाई, तुमी खोटं बोलायला पायजे व्हतं. ठिवून घेते म्हनायचं. तेवढं चार दिस तरी मला झोप लागली असती."

बाई तिथंच मातीत बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. संगीता उठली, तांब्याभर पाणी घेऊन त्यांच्याजवळ बसली.

"रडू नगा, बाई," ती म्हणाली. "माझं लई चांगलं चाललंय."

ते खोटं होतं. बाईंना कळत होतं, तरी त्यांनी मुकाट्यानं मान डोलावली.