टाकी तीन, चिंच

आमच्या घरात वाइन तयार व्हायची आणि घरातलं कुणीही ती प्यायचं नाही. हे ऐकून लोक हसतात. हसू देत. पुण्याहून माल बघायला येणारे तर चक्रावूनच जायचे, कारण माझे वडील पेला त्यांच्या हातात द्यायचे आणि शाळेतल्या पोरासारखे विचारायचे, "कशी झालीय?"

वडिलांना मी अप्पा म्हणते आणि आईला अव्वा. आम्ही लिंगायत. अव्वाच्या गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि दारू या शब्दालाही घरात मज्जाव. अप्पा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला होते. तिथल्या धगीला कंटाळून त्यांनी नोकरी सोडली आणि गडमुडशिंगीच्या बाजूला आमचा जो मुरमाड माळ होता, जिथं आजोबांनी कधी ऊससुद्धा लावला नव्हता, तिथं द्राक्षाच्या काड्या लावल्या. "द्राक्षं? इथं? सांगलीला जावा की पावणं!" असं येणारा-जाणारा बांधावरून ओरडायचा. अप्पा लक्ष द्यायचे नाहीत. मी लहान होते आणि मांडवाखाली फिरत हाताला लागेल तो मणी तोंडात टाकायचे. ते बघून अव्वानं एक दिवस फवारणीचा पंप उचलून अंगणात आपटला. तेव्हापासून मळ्यात शेण, गोमूत्र आणि कडुनिंब सोडून काही गेलं नाही.

पुढं वाइनचा परवाना काढायचं ठरलं तेव्हा अव्वानं कागदांवर भागीदार म्हणून सही केली, पण दोन अटी घातल्या. वाइनच्या शेडचा उंबरा ती ओलांडणार नाही. आणि अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायची की थेंबसुद्धा जिभेला लावणार नाही. अप्पांनी घेतली आणि पाळलीही. मला नाही वाटत जगात दुसऱ्या कुठल्या वाइनवाल्यानं असला वेडेपणा केला असेल.

मग चव कळणार कशी? तर पहिल्याच हंगामात अव्वा दुपारचा डबा घेऊन शेडच्या दाराशी आली, उंबऱ्याबाहेर थांबली आणि नाक मुरडून म्हणाली, "त्या कडंच्या टाकीत काय मेलंय? मटकी नासल्यागत वास यायलाय." अप्पा हसले. तीन दिवसांनी तीच टाकी नासली. त्यानंतर अप्पा हसले नाहीत. आम्ही विकतचं यीस्ट घालत नव्हतो, टिकायची पावडर घालत नव्हतो, म्हणजे सगळा भरवसा वेळेत कळण्यावर. आणि वेळेत कळायचं ते अव्वाच्या नाकाला. अप्पा एकेका टाकीतला पेलाभर रस दारात आणून धरायचे, ती डोळे मिटून हुंगायची आणि सांगायची. "ताक." "मुरलेलं लोणचं." "भिजलेलं गोणपाट, ह्याच्याकडं बघा जरा." सगळ्यात चांगला वास म्हणजे चिंच. गाभुळलेल्या चिंचेचा वास आला की अप्पांचा जीव भांड्यात पडायचा. तिचा शब्द ते खडूनं टाकीवर लिहायचे. टाकी दोन, ताक. टाकी तीन, चिंच. मग दोघं बाहेर आंब्याखाली बसून जेवायचे.

मी पुण्यात नोकरी केली, तिथं रमले नाही, परत आले आणि शेड सांभाळायला लागले. धुणं, भरणं, झाकणं लावणं हे माझं काम. नाक मात्र अव्वाचंच.

काही वर्षांपूर्वी अव्वाला आठवडाभर ताप आला. उठली आणि पुन्हा डबा घेऊन यायला लागली. त्या हंगामात टाक्यांतला रस आंबून उकळी बसल्यावर, एका सकाळी तीन नंबरच्या टाकीजवळ माझ्या नाकाला काहीतरी झोंबलं. वाइनला हवा लागली की तिचं व्हिनेगर होतं, आणि सुरुवातीला कळलं तर टाकी काठोकाठ भरून वाचवता येते. मला कळलं होतं. पण दुपारी अव्वा आली, पेला हुंगला आणि म्हणाली, "चिंच." तिच्यापुढं मी कोण? मी गप्प बसले. रोज झोंबत होतं, रोज ती चिंच म्हणत होती, आणि रोज मी माझ्याच नाकाला खोटं पाडत होते. ही चूक माझी होती, हे आज कबूल करते.

टाकी उघडली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. निम्मा हंगाम त्या टाकीत होता. अप्पा माझ्यावर ओरडले, "झाकण सैल ठेवलंस तू! लक्ष कुठं असतंय तुझं?"

झाकण मी घट्ट लावलं होतं. मीही ओरडले, "मला काय विचारताय? अव्वाला विचारा की! रोज कोण चिंच म्हणत होतं?"

"तिचं नाक चुकत न्हाय," अप्पा म्हणाले. अव्वा उंबऱ्याबाहेर डबा धरून उभी होती. तिनं डबा खाली ठेवला आणि घराकडे वळली. मला तिचा इतका राग आला की चार दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

पाचव्या दिवशी स्वयंपाकघरातून जळका वास आला म्हणून धावत गेले. दूध उतू जाऊन पातेल्याचा कोळसा झाला होता, आणि अव्वा त्याच्याकडे पाठ करून शांतपणे भाकरी थापत होती. मी गॅस बंद केला. तिनं वळून पातेलं बघितलं, मग मला बघितलं, आणि पिठाच्या हातानं तोंड झाकून रडायला लागली.

"तापातनं उठल्यापास्नं काय बी येत न्हाय बघ," ती म्हणाली. "वाटलं, येईल माघारी. अप्पास्नी सांगू नगंस. त्यांचा लई इस्वास हाय."

माझा राग कुठच्या कुठं गेला. लाज मात्र राहिली.

मग आम्ही दोघींनी एक चोरी सुरू केली. सकाळी मी शेडमध्ये टाक्या हुंगायचे आणि स्वयंपाकघरात येऊन तिला तिच्याच शब्दांत सांगायचे. दोन ताक, तीन चिंच, चार अजून कच्ची कैरी. ती भाकरी थापता थापता पाठ करायची. दुपारी उंबऱ्याशी उभी राहून डोळे मिटायची, लांब श्वास घ्यायची, आणि तेच म्हणायची. कधी कधी उगाच थोडा वेळ लावायची, कपाळाला आठी घालायची. मला हसू आवरायचं नाही. दोन हंगाम असे गेले, आणि एकही टाकी बिघडली नाही.

गेल्या दिवाळीनंतर अव्वा झोपेतच गेली. आमच्या रीतीप्रमाणे मळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तिला बसवून माती दिली.

यंदा टाक्या भरल्या. पहिल्या सकाळी मी हुंगून आले, सवयीनं स्वयंपाकघरात शिरले आणि "तीन नंबर..." एवढं बोलून थांबले. शेगडी, परात, तिचं पाटावरचं फडकं. कुणी नव्हतं. मी तशीच परत शेडमध्ये गेले. अप्पा टाकीपाशी खडू घेऊन उभे होते.

"काय वास हाय?" त्यांनी विचारलं.

"दुपारी सांगते," मी म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.

"आत्ताच सांग की. आता दुपारी कुणाला शिकवायचं हाय?"

कधीपासून माहीत होतं, असं मी विचारलं.

"तापातनं उठली तवा अबोलीचा गजरा आणलेला एकदा," ते म्हणाले. "पुडी सोडायच्या आधीच हुंगली आन् म्हणली, मोगऱ्याचा काय वास सुटलाय! अबोलीला कुठला आलाय वास? मला वाटलं, सर्दी आसंल. टाकी उघडली तवा समजलं."

"मग मला का बोललात? माझं झाकण सैल नव्हतं, अप्पा."

"म्हायती हाय मला." ते बराच वेळ खडू बोटांत फिरवत राहिले. "ती दारात उभी हुती. कुणाला तरी बोलायलाच पायजे हुतं. तिला कसा बोलू?"

मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. ती गेली ती आपण नवऱ्याला फसवलं असं समजून, आणि हा माणूस दोन हंगाम तिच्या हातात रोज पेला देत राहिला, तिनं डबा घेऊन यावं म्हणून.

"तीन नंबर," मी म्हटलं, "चिंच."

अप्पांनी लिहिलं. मग दुपारी मी डबा आणला, तर ते शेडमध्ये नव्हते. आंब्याखालीही नव्हते. उंबऱ्याबाहेर, अव्वा उभी राहायची तिथं, ते पेला नाकाशी धरून डोळे मिटून उभे होते.

"मला न्हाय येत गं कळून," ते म्हणाले, आणि पेला माझ्याकडे दिला.