बाई भात लावायला गेल्या

"यजमान कुठायत?" लग्नाच्या मांडवात शिरल्या शिरल्या बाईंचा हा प्रश्न ठरलेला. पंगती उठत आलेल्या असत, नवऱ्यामुलाचा बाप सुपारी कातरत जरा टेकलेला असे. बाई त्याच्यासमोर उभ्या राहून दोन्ही हातांनी पदर पसरत.

"घरात सून आणलीत, आनंद झाला. आता गावातल्या पोरींच्या शाळेसाठी काहीतरी घाला."

सत्तरच्या दशकात जूचंद्र गावाजवळच्या एका शाळेत मी आणि बाई एकत्र शिकवत होतो. खाडीकडच्या मुली सातवीपर्यंत कशाबशा येत. पुढे गणवेश, पुस्तकं, एसटीचा पास यापाशी घरचे अडत आणि पोरगी मिठागरावर कामाला दिसू लागे. बाईंचं माहेर नंदाखाल गावातल्या केळीच्या वाडीतलं. स्वतःला कधी काही कमी पडलं नव्हतं. पण लग्नसराई आली की त्या आमंत्रण असो-नसो, निघत. मांडवात जेवत मात्र नसत. म्हणत, "पोट भरलं की मागायचा आवाज बसतो."

एकदा एक यजमान त्यांना पाहून आचाऱ्याच्या चुलाणामागे लपला. बाई तिथे गेल्या आणि वरणात मीठ कमी आहे का, यावर त्याच्याशी बोलत बसल्या. शेवटी त्यालाच हसू फुटलं आणि खिसा मोकळा झाला. तुम्हीही अशी चिवट माणसं पाहिली असतील.

एका वर्षी दहावीतली एक मुलगी ऐन परीक्षेच्या तोंडावर शाळेत यायची थांबली. लग्न ठरलं होतं. बाई तिच्या बापाला भेटल्या. त्याने हात जोडले. "बाय, सोयरिक चांगली हाय. पुन्हा अशी मिळायची नाय."

लग्नाच्या दिवशी बाईंसोबत मीही गेलो. बाईंनी मुलीच्या सासऱ्यापुढे पदर पसरला. त्याने सवयीने खिशात हात घातला.

"आज पैसे नकोत," बाई म्हणाल्या. "मला तिचा मार्च महिना द्या. परीक्षेला बसू द्या."

"आता ती आमची सून हाय, बाय."

"म्हणून तर तुमच्याकडे मागते."

सासऱ्याने खिशातला हात बाहेर काढला. मुंडावळ्यांआडून मुलगी बाईंकडे बघत होती.

"पाठवतो," तो म्हणाला. "पन नापास झाली तर?"

"तर तुमच्या शेतात येऊन भात लावीन!"

सगळा मांडव हसला. मुलगी परीक्षेला बसली आणि गणितात नापास झाली.

आषाढात बाई खरोखर त्या शेतावर हजर झाल्या. केळीच्या वाडीत वाढलेल्या बाईंना भाताच्या रोपांची मूठ कशी धरायची तेही माहीत नव्हतं. दोनदा चिखलात बसल्या. सासरा बांधावरून ओरडत होता, "बाय, लाजवू नका! वर या!"

"आधी सांगा, ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेला पाठवताय ना?"

"पाठवतो, पाठवतो!"

ऑक्टोबरात ती पास झाली. ते ऐकलं तेव्हा बाई शिक्षकांच्या खोलीत होत्या. चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिल्या.

पुढे काही वर्षांनी, एका मे महिन्यात, बाई अचानक गेल्या. शाळेला सुट्टी होती. तरी मुली आल्या, सगळ्या गणवेशात. बहुतेकींकडे दुसरा धड कपडाच नव्हता. गावात बायका स्मशानात जात नसत. वेशीपाशी एका म्हाताऱ्याने हात आडवा केला, "पोरींनो, हितून मागं फिरा."

एकही फिरली नाही. म्हाताऱ्याने हात खाली घेतला. पुढे स्मशानाकडे जाणारा मिठागराचा बांध अरुंद होता. त्यावरून त्या एकामागोमाग एक चालत राहिल्या.