भोंग्याचा व्हॉल्व्ह

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. देऊळघाटच्या पलीकडे एका खेड्यात मी मास्तर म्हणून लागलो होतो. वांगी-मिरचीची वाडी करणाऱ्या एका काकांच्या घरी खोली घेऊन राहायचो. त्याच साली ग्रामपंचायतीत रेडिओ आला. त्याचा भोंगा चावडीसमोरच्या लिंबावर टांगला. रेडिओच्या खोलीला दोन किल्ल्या होत्या. एक सरपंचांकडे, दुसरी माझ्याकडे. सकाळ-संध्याकाळ रेडिओ लावायचं काम माझं होतं.

तेव्हा मी बुलढाण्याहून आणलेली एक कादंबरी वाचत होतो. पहिली पानं फाटलेली, नाव काही कळेना. तिच्यातल्या शहरात सगळ्यांना सुखी ठेवण्याचं काम एका यंत्राकडे होतं. कुणी रडलं तर शेजारीच तक्रार करायचे. ती वाचून मी चावडीवर जायचो, तेव्हा माणसं भोंग्याकडे तोंड करून गप्प बसलेली दिसायची. आधी हीच माणसं तासन्‌तास भांडायची. कोणतं खत टाकायचं, किती पोरं होऊ द्यायची, सगळं भोंगा सांगायचा आणि माना हलायच्या. मला त्या माना बघवेनात. यांना कुणीतरी हळूहळू गुंगी देतंय, असा संशय मनात घर करून बसला.

काकांनाही भोंगा नको होता, पण त्यांचं कारण साधं होतं. चारचौघांत ते म्हणाले, "मायी बैलं बिथरतात त्याच्यानं. बंद करा नं बाप्पा!" लोक हसले.

एका दुपारी शाळा सुटल्यावर मी खोली उघडली, रेडिओचा एक व्हॉल्व्ह, म्हणजे आतली बल्बसारखी काचेची नळी, काढला आणि खिशात घातला. घरी येऊन तो धोतरात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. संध्याकाळी भोंगा मुका. बिघडला असेल, मी म्हणालो. चावडीवर पुन्हा बोलणी सुरू होतील, अशी माझी कल्पना.

बोलणी सुरू झाली, पण वेगळीच. तिसऱ्या दिवशी बुलढाण्याहून मिस्त्री आला. रेडिओ उघडून म्हणाला, "बिघडला नाही, यातला व्हॉल्व्ह कोनं तरी काढून नेला." कुलूप शाबूत होतं. मग जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. माझ्याकडे मात्र कुणीच बघेना. मास्तर असं करेल, हे कुणाच्या मनातही येईना. सरपंचांनी काकांना बोलावलं.

"किल्ली मास्तरच्या खोलीत राह्यते, खोली तुमच्या घरात. अन् भोंगा तुमालेच नको होता."

काका उभेच होते. "नको होता, हाव. म्हनून मी बोललो. चोरी कराची असती त बोललो कायले असतो?"

कुणाला ते पटलं नाही. वाडीची झडती घ्या, असं मागून कुणीतरी म्हणालं. मी उठलो, घरी गेलो आणि व्हॉल्व्ह आणून सरपंचांसमोर ठेवला. "मी काढला," एवढंच म्हणालो. लोकांना गुंगीतून जागं करायचं होतं वगैरे सांगायचं ठरवलं होतं. ते तोंडातून निघालं नाही.

सरपंचांनी किल्ली मागून घेतली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी जाताना काका वाडीच्या धुऱ्याशी, बांधावर, थांबले.

"मास्तर, तुमालेही भोंगा नको होता त मायासंग उभं राह्याचं. चोरून काऊन केलं?"

"लोकांच्या भल्यासाठी, काका."

"तो भोंगाबी तेच म्हनते. पन तो काय म्हनते ते ऐकू तरी येते. तुमी काय करून राह्यले, ते कोनाले दिसलं?"



पुढच्या ग्रामसभेत काकांनी भोंगा काढायचा विषय स्वतः उभं राहून मांडला. त्यांच्या बाजूनं चार हात वर झाले, त्यात एक माझा. काका हरले. घरी येऊन ते पोटभर जेवले आणि सकाळी बैलांना गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधून मिरची तोडायला गेले. मी मात्र त्या गावात होतो तोवर, कुणी "मास्तर, तुमी म्हनाल ते खरं" असं म्हणालं, की दचकायचो.