शुद्ध केलेला प्रबंध

आमच्या मराठवाड्यात अर्धवट राहिलेल्या प्रबंधांची कमतरता नाही. पण त्यांतला सर्वांत चांगला प्रबंध मी बुडवलेला आहे, आणि ज्यांचा तो होता त्या मास्तरांइतका माणसाच्या बोलण्याला चटावलेला कान मी जन्मात दुसरा पाहिला नाही. मास्तर हे माझे पहिले संशोधक विद्यार्थी. देवणीच्या शाळेत मराठी शिकवायचे. वयाने माझ्याहून चांगलेच मोठे, तरी मला ‘सर’ म्हणायचे आणि मी बसल्याशिवाय बसायचे नाहीत. मी नुकताच डॉक्टर होऊन लातूरच्या एका कॉलेजात मार्गदर्शक झालो होतो. मास्तरांना कॉलेजात शिकवायचं होतं. त्यासाठी पीएच.डी. हवी होती आणि पीएच.डी.साठी माझी सही.

विषय एवढाच, की पुण्याकडचा माणूस ‘करतो आहे’ म्हणतो तिथे आपल्याकडचे कित्येक जण ‘करून राहिलो’ का म्हणतात. या विषयाने मास्तरांना पार खुळं केलं होतं. लग्नात अक्षता मुठीत धरून ते मागच्या ओळीतल्या बायकांचं बोलणं ऐकत राहायचे. नवरानवरी जेवायला बसली तरी अक्षता मुठीतच. एस.टी.त भांडण लागलं की बाकीचे सोडवायला उठायचे, मास्तर मात्र भांडणाऱ्यापुढे हात जोडायचे. “ते मघाचं पुन्यांदा म्हना की जरा. ‘मारून राहिला’ म्हनलात का ‘मारायला’?” एकदा त्यामुळे भांडण खरोखर मिटलं आणि दोघांनी मिळून मास्तरांनाच मधल्या फाट्यावर उतरवलं. तिथल्या चहावाल्याचं बोलणं लई भारी निघालं, असं सांगत ते संध्याकाळी परतले.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, पाट्या रंगल्या. पाणी तेवढं नव्हतं. ते दुष्काळाचं वर्ष मास्तरांनी देवणीत टँकरच्या रांगेत काढलं. नंबर आला की जागा मागच्या बाईला द्यायची आणि रिकामी घागर घेऊन पुन्हा शेवटी उभं राहायचं, कारण इतकी मोकळी होऊन माणसं दुसरीकडे कुठे बोलत नाहीत असं त्यांचं मत. घरी बायको घागरीत डोकावून म्हणायची, “आज बी निस्तं बोलनंच भरून आनलं का?” त्या रांगेतल्या एका म्हातारीचं वाक्य त्यांनी माझ्यापुढे प्रसादासारखं ठेवलं: “जिल्हा झाला म्हनं बाबा. पानी येऊन राहिलं कवाचं.” आणि समजावून सांगितलं, “सर, ‘येत आहे’ म्हनलं तर पानी रस्त्यात हाय. ‘येऊन राहिलं’ म्हनलं तर मानूस वाट बघून थकलाय. काळ तोच, पर त्यात दम न्हाई उरला. हे व्याकरनात कुनी लिवलं न्हाई.”

कुणी लिहिलं नव्हतं, हे खरंच होतं. आणि मी ते लाल शाईने खोडलं. पहिलं प्रकरण हातात आलं तेव्हा मला त्यातला मजकूर दिसेना, परीक्षक दिसू लागले. हे असलं अशुद्ध तुम्ही पुढे पाठवलंत कसं, असं ते मलाच विचारणार. मी विदर्भाच्या सीमेलगतच्या इस्लापूरकडचा. माझी आई हेच बोलायची, आणि होस्टेलात हसं झाल्यापासून मी ते बोलणं अंगावरून घासून काढलं होतं. मी म्हातारीलासुद्धा सोडलं नाही. तिच्या तोंडी घातलं, “पाणी केव्हापासून येत आहे.” ज्या प्रबंधाचा विषयच ‘येऊन राहिलं’, त्यातून एकूण एक ‘येऊन राहिलं’ काढायला मी त्या माणसाला लावलं. मार्गदर्शकाने खोडलेलं परत लिहायचं नाही, हा मास्तरांचा धर्म. मुकाट्याने सगळं नव्याने टाइप करून आणलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “सर, भाषा लई चांगली झाली आता. फक्त विषय न्हाई राहिला.”

“शुद्ध तरी झालं,” मी म्हणालो. ते हसले. मला वाटलं, पटलं.

पुन्हा ते आले नाहीत. मीही बोलावलं नाही. नोंदणीची मुदत संपली, कॉलेजातली जागा दुसऱ्याला गेली, मास्तर देवणीच्या शाळेतूनच निवृत्त झाले. मी मात्र वाढत गेलो. संशोधक मधेच का सोडून जातात, पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण कसं वाढवावं, यावर समिती निघाली की माझं नाव आधी. मागच्या हिवाळ्यात नांदेडच्या चर्चासत्रात मी कारणं सांगितली: चिकाटी नाही, वाचन नाही, संसार आड येतो. टाळ्याही पडल्या. चहाच्या वेळी एक संशोधक बाई जवळ आल्या. “सर, यात गाइड कुठं आला न्हाई,” एवढंच म्हणाल्या आणि कप ठेवून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी देवणी गाठली. मास्तरांना आता कमी ऐकू येतं. चांगला कान माझ्याकडे करून ते खुर्ची ओढून बसले. वाटेत जुळवलेलं वाक्य मी म्हटलं, “मास्तर, तुमचा प्रबंध राहून गेला, याचं मला फार वाईट वाटतं.”

त्यांनी ते वाक्य मनाशी एकदा फिरवून पाहिलं. “‘राहून गेला’ म्हनता सर. म्हंजी आपोआप?”

“परिस्थितीच तशी होती. चुका झाल्या.”

“झाल्या,” मास्तर म्हणाले. “यात कर्ता कुठं हाय?”

आवाजात राग नव्हता. आयुष्यभर वर्गात पोरांना विचारलेला प्रश्न होता तो. त्यांची बायको चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. मी मान खाली घातली आणि त्यांना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानेच बोललो.

“म्या केल्या, मास्तर. तुमचं खरं व्हतं, मला ठावं व्हतं, अन् मी भ्यालो. मला माफ करा.”